उतारा आणि मूळ

काही वर्षांपूर्वी वाशिम जिल्ह्यातील एका शाळेत नववीच्या मुलांसाठी संगणकाचे दोन दिवसांचे शिबिर घेण्याचा योग आला. विषय सोपा ठेवला होता. रोजच्या पावसाची नोंद घ्यायची आणि पायथॉन भाषेत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमने तिची सरासरी काढायची. मुलांसाठी मी चार पानांचे टिपण तयार करून नेले होते. टिपणातला प्रोग्रॅम पाहून टाइप करायचा आणि चालवायचा, एवढेच काम होते.

एक मुलगी पाऊण तास एकाच ठिकाणी अडली होती. तिने सगळे दोनदा पुसून पुन्हा टाइप केले होते. जवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकतंय, पण सापडत नाही." मी शेजारी बसून ओळ न् ओळ ताडून पाहिली. तिचे एक अक्षरही चुकलेले नव्हते. चूक माझ्या टिपणात होती. पहिल्या पानावर सरासरी काढणारे फंक्शन एकच वस्तू मागत होते, ती म्हणजे पावसाची यादी. तिसऱ्या पानावर त्याच फंक्शनला यादी आणि दिवसांची संख्या अशा दोन वस्तू दिल्या होत्या. संगणक तक्रार करत होता ती अगदी योग्य होती. झाले होते असे की, आदल्या आठवड्यात मी घरच्या संगणकावरील मूळ फाइल सुधारली होती, आणि टिपणात मात्र एकच पान बदलले होते.

चूक किरकोळ होती आणि दोन मिनिटांत दुरुस्त झाली. पण तो पाऊण तास मला विसरता आलेला नाही. छापलेले कधी चुकत नाही, चुकतो तो आपणच, अशी आपल्या मुलांची समजूत असते. शहरातल्या मुलाच्या घरी संगणक असतो, विचारायला कोणीतरी असते. जिथे पाच मुलांत एक संगणक आहे आणि तोही आठवड्यातून एक तास मिळतो, तिथे छापील प्रोग्रॅम चालला नाही तर मूल एकच निष्कर्ष काढते: हा विषय आपल्यासाठी नाही. म्हणून टिपणात छापलेला कोड आणि प्रत्यक्ष चालणारा कोड एकच कसा राहील, हा प्रश्न केवळ संगणकवाल्यांचा नाही. तो शिक्षकांचाही आहे.

या प्रश्नावर प्रोग्रॅमर मंडळींनी जी साधने तयार केली, त्यांपैकी एका साधनाची येथे जरा चिकित्सा करू.

जुनेच दुखणे

उतारा आणि मूळ यांची फारकत होणे ही गोष्ट संगणकाबरोबर आलेली नाही. वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा इसवी सनाच्या चौथ्या शतकातला राजा. त्याने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' नावाचे काव्य रचले होते. ते काव्य आज उपलब्ध नाही. आपल्याला ते माहीत आहे ते आनंदवर्धनाने केलेल्या उल्लेखामुळे आणि भोजासारख्या पुढच्या ग्रंथकारांनी आपापल्या ग्रंथांत घेतलेल्या उताऱ्यांमुळे. या मंडळींनी आपला मुद्दा पटवून देण्यापुरता उतारा घेतला. तो मुळाशी ताडून पाहण्याचा मार्ग आता उरलेला नाही.

याच जिल्ह्यातील कारंजा येथील जैन भांडारांत जुनी हस्तलिखिते जपून ठेवलेली आहेत. डॉ. हिरालाल जैन यांनी त्यांच्या आधारे अपभ्रंश भाषेतील ग्रंथ संपादित केले. पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले ते त्यांपैकीच एक. अशा संपादनात मुख्य काम असते ते वेगवेगळ्या पोथ्या समोर ठेवून पाठभेद नोंदवण्याचे. नकल करणारा माणूस थकतो, ओळ गाळतो, सारखे दिसणारे अक्षर बदलतो, कधी शहाणपणाने 'दुरुस्ती'ही करतो. संपादक हे सगळे ओळखून मूळ पाठाकडे परत जाण्याचा प्रयत्न करतो.

कोडच्या बाबतीत दुखणे तेच असले तरी त्याची तऱ्हा उलटी आहे. हरिविजयाचे मूळ हरवले आणि उतारे उरले. प्रोग्रॅमचे मूळ हरवत नाही, ते रोज बदलते. लेखक आज एक फंक्शन सुधारतो, उद्या नाव बदलतो, परवा एखादी चूक काढतो. टिपणातला उतारा मात्र ज्या दिवशी चिकटवला त्या दिवशीच्या स्थितीत गोठून राहतो. म्हणजे येथे नकल करणाऱ्याने एकही अक्षर न चुकवता काम केले, तरी काही महिन्यांनी त्याची नकल खोटी ठरते.

साधन काय करते

फ्रान्सेस्क काम्पॉय या प्रोग्रॅमरने २०१६ च्या सुमारास 'एम्बेडएमडी' नावाचे एक छोटे साधन गो या भाषेत लिहिले. त्याला खिडक्या नाहीत, बटणे नाहीत. काळ्या पडद्यावर त्याचे नाव टाइप करायचे, पुढे टिपणाच्या फाइलचे नाव द्यायचे आणि एंटर दाबायचे. टिपण 'मार्कडाउन' या पद्धतीने लिहिलेले असावे लागते. साध्या मजकुरात मथळे, याद्या वगैरेंच्या सोप्या खुणा करण्याची ही पद्धत जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मांडली आणि आज प्रोग्रॅमर आपली बहुतेक टिपणे तिच्यातच लिहितात.

कल्पना अशी. टिपणात जिथे कोड हवा तिथे तो हाताने चिकटवायचा नाही. त्याऐवजी एक सूचना लिहायची: अमुक फाइल उघड, तीत अमुक शब्द सापडले की तिथून सुरुवात कर, तमुक शब्द सापडले की थांब. ही सूचना अशा रीतीने लिहिलेली असते की छापलेल्या टिपणात ती वाचकाला दिसत नाही. साधन चालवले की ते मूळ फाइल उघडते, सांगितलेला तुकडा उचलते आणि सूचनेच्या खाली आणून बसवते. तिथे आधीचा उतारा असेल तर तो काढून नवा ठेवते. मूळ फाइल आपल्याच संगणकावर असली पाहिजे असेही नाही, इंटरनेटवरील पत्ता दिला तरी चालतो.

आणखी एक सोय महत्त्वाची आहे. टिपणात काहीही न बदलता, टिपणातील उतारा आणि मूळ यांत कुठे तफावत आहे एवढेच दाखव, असेही त्याला सांगता येते. हे कारंज्याच्या पोथ्यांवर संपादक करतो तेच पाठभेद काढण्याचे काम झाले. फरक इतकाच की येथे ते एका क्षणात होते आणि हवे तितक्या वेळा करता येते.

माझ्या शिबिराच्या आधी मी हे साधन वापरले असते, तर पहिल्या आणि तिसऱ्या पानावरचे दोन्ही तुकडे एकाच फाइलमधून आले असते आणि त्या मुलीचा पाऊण तास वाचला असता. हे श्रेय साधनाला दिलेच पाहिजे. उताऱ्याच्या ठिकाणी उतारा नव्हे, उताऱ्याचा पत्ता लिहायचा, ही त्यातली कल्पना साधी आहे आणि योग्य आहे. शिवाय तयार झालेले टिपण पूर्ण असते. वाचणाऱ्याकडे ते साधन नसले तरी त्याचे काही अडत नाही. ज्याला फक्त छापील पान मिळणार आहे, त्याच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट आहे.

पत्ता कसा लिहायचा

आता उणिवांकडे वळू. पहिला प्रश्न पत्त्याचा. उतारा कुठून कुठपर्यंत, हे सांगण्याच्या तीन पद्धती अशा साधनांत आढळतात.

पहिली पद्धत ओळींच्या क्रमांकाची: बाराव्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत. ही सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत धोक्याची. कोणी फाइलच्या वरच्या भागात दोन ओळी वाढवल्या की उतारा दोन ओळींनी घसरतो. वर्गात "पान चाळीस, तिसरा परिच्छेद" असे सांगावे आणि अर्ध्या मुलांकडे नवी आवृत्ती असावी, तसा प्रकार होतो. साधन मात्र कुरकुरत नाही. त्याला विसाव्या ओळीपर्यंतचे हवे होते, ते त्याने आणून दिले.

दुसरी पद्धत मजकुराच्या नमुन्याची, आणि एम्बेडएमडीने हीच स्वीकारली आहे. फंक्शनच्या नावापासून सुरू कर, असे आपण सांगतो. वर कितीही ओळी वाढल्या तरी पत्ता बदलत नाही. उद्या ते नाव कुठेच उरले नाही तर साधन चूक दाखवून थांबते. हा गुण फार मोलाचा आहे. चुकीचा उतारा मुकाट्याने देण्यापेक्षा, उतारा सापडला नाही असे ओरडून सांगणारे साधन केव्हाही चांगले. पण येथेही एक फट आहे. नमुना प्रथम जिथे जुळेल तिथूनच उतारा सुरू होतो. फाइलच्या डोक्यावर कोणी "सरासरी काढण्याची रीत खाली दिली आहे" असा शेरा लिहिला आणि आपला नमुना नुसता 'सरासरी' एवढाच असला, तर उतारा त्या शेऱ्यापासून सुरू होईल. चूक दाखवली जाणार नाही, कारण साधनाच्या मते काही चुकलेलेच नाही.

तिसरी पद्धत खुणेच्या दगडांची. मूळ फाइलमध्येच शेरा म्हणून "उतारा येथे सुरू" आणि "उतारा येथे संपला" अशा खुणा रोवायच्या. शेताच्या बांधावरचा दगड हलवताना माणूस दोनदा विचार करतो, तसेच कोड बदलणाऱ्याला या खुणा पाहून कळते की हा तुकडा कुणीतरी वाचणार आहे. माझ्या मते हीच पद्धत सर्वांत खात्रीची. एम्बेडएमडीमध्येही ती वापरता येते, पण ज्या शब्दांवर नमुना जुळतो ते शब्द उताऱ्यातच धरले जातात. त्यामुळे खुणांचे दगडही टिपणात येऊन पडतात आणि नवशिक्या वाचकाला ते प्रोग्रॅमचाच भाग वाटण्याची भीती असते. पायथॉनच्या जगात टिपणांसाठी वापरली जाणारी 'स्फिंक्स' ही प्रणाली या बाबतीत अधिक विचारी आहे. अमुक खुणेच्या नंतर सुरू कर आणि तमुक खुणेच्या आधी थांब, असे तिला सांगता येते.

अक्षरे जुळली, अर्थ सुटला

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, आणि ती कोणत्याही एका साधनाची नाही. पावसाचेच उदाहरण घेऊ. दहा दिवसांच्या नोंदी मिलिमीटरमध्ये अशा आहेत: ०, ०, १४, १, ३०, ०, ४, ०, १, ०. बेरीज ५०. दहाने भागले की सरासरी ५. टिपणात कोडच्या खाली वाक्य आहे: "हे फंक्शन एकूण पावसाला एकूण दिवसांनी भागते."

आता मूळ फाइल सुधारणाऱ्याला वाटले की कोरडे दिवस धरण्यात अर्थ नाही. भारतीय हवामानशास्त्र विभाग २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानतो. त्याने तसा बदल केला. आता धरले जाणारे दिवस तीनच: १४, ३० आणि ४. त्यांची बेरीज ४८, आणि सरासरी १६. साधन चालवले. नवा कोड टिपणात बिनचूक येऊन बसला. तफावत शून्य. पण त्याखालचे वाक्य अजूनही सांगते आहे की एकूण दिवसांनी भागले जाते. उतारा खरा, आणि त्याचे स्पष्टीकरण खोटे.

हा प्रसंग जुन्या, न बदललेल्या उताऱ्यापेक्षाही वाईट आहे. आधी निदान टिपणातला कोड आणि टिपणातले वाक्य एकमेकांशी जुळत तरी होते. दोन्ही शिळे होते, पण एका दिवसाचे होते. आता एक ताजे आणि एक शिळे असे एका ताटात वाढले गेले. विद्यार्थी वाक्य वाचून ५ हे उत्तर धरेल, संगणक १६ सांगेल, आणि पुन्हा तो स्वतःलाच दोष देईल.

तिसरी उणीव अशी की हे साधन उतारा उचलते, पण तो चालवून पाहत नाही. मूळ फाइलच चालत नसेल, तर न चालणारा कोडही ते तितक्याच निष्ठेने चिकटवील. आणि कधी कधी मूळ जराही न बदलता चालेनासे होते. टर्बो सी प्लस प्लसवर शिकलेल्या पिढीला हा अनुभव आहे. त्या काळच्या पुस्तकांतील प्रोग्रॅमची पहिलीच ओळ 'आयओस्ट्रीम डॉट एच' ही फाइल मागते. १९९८ मध्ये या भाषेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्यात त्या नावातला 'डॉट एच' गेला. आजचा कंपायलर ती जुनी ओळ पाहून अशी फाइलच नाही म्हणतो. पुस्तकातला उतारा मुळाशी तंतोतंत जुळतो आहे, पण ज्या यंत्रासाठी तो लिहिला ते यंत्र बदलले आहे. पाठभेद काढणाऱ्या साधनाला हे कळण्याचा मार्गच नाही.

इतरांनी काय केले

हा विचार नवा नाही. ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक १९७८ मध्ये निघाले. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी आवर्जून नोंदवले आहे की पुस्तकाचा मजकूर संगणकावर होता आणि उदाहरणे थेट त्या मजकुरातूनच घेऊन तपासली आहेत. म्हणजे फाइलमधून पुस्तकात नव्हे, तर पुस्तकातून यंत्रात, असा उलटा प्रवास त्यांनी केला. वाचक करणार आहे तोच प्रवास लेखकाने आधी करून पाहिला. हे तत्त्व मला फार पटते.

डोनाल्ड कनुथ यांनी १९८४ मध्ये याहून मूलगामी मार्ग सुचवला. कोड आणि त्याचे स्पष्टीकरण वेगळे ठेवूच नका, माणसाला समजावून सांगावे अशा क्रमाने दोन्ही एकाच फाइलमध्ये लिहा. त्यांच्या 'वेब' नावाच्या प्रणालीत दोन प्रोग्रॅम होते. एक त्या फाइलमधून यंत्रासाठी कोड काढी आणि दुसरा माणसासाठी छपाईयोग्य मजकूर विणी. टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीचा संपूर्ण कोड त्यांनी १९८६ मध्ये याच रीतीने पुस्तकरूपात छापला. येथे उतारा आणि मूळ असा भेदच उरत नाही. पण ही पद्धत फारशी रुजली नाही, आणि कारण उघड आहे. प्रत्येक प्रोग्रॅमरने चांगला लेखकही असावे अशी तिची अपेक्षा आहे.

पायथॉनसोबत २००१ पासून 'डॉकटेस्ट' नावाची एक सोय मिळते. टिम पीटर्स यांनी ती लिहिली. टिपणात उदाहरण लिहायचे, आणि खाली त्याचे अपेक्षित उत्तर लिहायचे. डॉकटेस्ट टिपण वाचते, उदाहरण खरोखर चालवते आणि आलेले उत्तर टिपणातल्या उत्तराशी ताडते. पावसाच्या टिपणात "उत्तर ५" असे लिहिले असते, तर कोड बदलल्याबरोबर डॉकटेस्टने सांगितले असते की ५ अपेक्षित होते, १६ आले. मग लेखकाचे लक्ष आपोआप त्या खोट्या वाक्याकडे गेले असते. वाक्य तपासण्याची ताकद डॉकटेस्टमध्येही नाही, पण वाक्याला साक्षीदार म्हणून उत्तर उभे करायला ते लावते. म्हणून अध्यापनाच्या कामासाठी मी डॉकटेस्टला वरचा क्रमांक देईन. मोठ्या प्रोग्रॅमचे लांब तुकडे दाखवायचे असतील तिथे एम्बेडएमडी हाताशी असावे. दोन्ही एकत्र वापरली तर अधिकच चांगले.

शिक्षकांनी यातून काय घ्यावे

यांपैकी कोणतेही साधन आपल्या शाळेत नसले तरी त्यांमागचा विचार घेता येतो. टिपण छापण्यापूर्वी ते दुसऱ्या संगणकावर ठेवावे आणि छापल्या जाणाऱ्या पानावरूनच प्रोग्रॅम टाइप करून चालवावा, मूळ फाइलवरून नव्हे. शक्य असेल तर हे काम दहावीच्या एखाद्या विद्यार्थ्याला द्यावे. आपण आपल्या मनातले वाचतो, तो पानावरचे वाचतो. प्रत्येक उदाहरणाखाली अपेक्षित उत्तर लिहावे. भाषेची कोणती आवृत्ती वापरली आणि कोणत्या महिन्यात तपासले, हे टिपणाच्या शेवटी नोंदवावे. कोड बदलला की त्याच्या वरची आणि खालची दोन वाक्ये मोठ्याने वाचावीत. यासाठी वीजही लागत नाही.

आणि मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगावी. प्रोग्रॅम चालला नाही तर आधी आपले टाइप केलेले ताडून पाहा. ते जुळत असेल, तर पुस्तकावर शंका घ्या आणि शिक्षकांना दाखवा. विज्ञानात छापील शब्दाला प्रयोगापेक्षा मोठा मान नाही, हे आपण भौतिकशास्त्राच्या तासाला सांगतो. संगणकाच्या तासालाही ते तितकेच खरे आहे, आणि तिथे प्रयोग करायला एंटरची एक कळ पुरते.

त्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी दुरुस्त टिपण वाटले. त्याआधी मात्र ते त्या मुलीला वाचायला दिले होते. तिने चौथ्या पानावरची आणखी एक चूक काढून दिली.